थंडी वाढली की थांबणारी फर्नेस: कॅलगरीतल्या एका तळघराचं प्रकरण

तक्रार अशी होती: बाहेर उणे पाच अंश असलं की फर्नेस, म्हणजे गॅस जाळून घर गरम ठेवणारं यंत्र, सुरळीत चालते, उणे तीस झालं की मध्यरात्री बंद पडते. घर कॅनडातल्या कॅलगरीच्या ईशान्य भागातलं, नव्वदच्या दशकात बांधलेलं. कुटुंब मूळचं नाशिकचं. नवरा-बायको, दोन मुलं, आणि दिवाळी आटोपून हिवाळाभर राहायला आलेले आई-वडील. फर्नेस २०२१ मध्ये बदललेली, ९६ टक्के कार्यक्षमतेची, ८० हजार बीटीयूची (बीटीयू हे उष्णतेचं एकक, इथे तासाला मोजलेलं). महिना जानेवारी २०२४.

त्या हिवाळ्याची सुरुवात सौम्य होती, मग जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात थंडी एकदम कोसळली. शनिवारी १३ तारखेला संध्याकाळी अख्ख्या अल्बर्टा प्रांतात लोकांच्या मोबाइलवर वीज जपून वापरण्याचा इशारा आला, तो इथल्या कुणालाही आठवेल. त्याच आठवड्यात या घराची फर्नेस बंद पडायला लागली. एका कंपनीचा माणूस येऊन प्रेशर स्विच, म्हणजे धुराची वाट मोकळी आहे का ते दाबावरून ओळखणारा स्विच, बदलून गेला. त्याच्यासमोर फर्नेस लगेच सुरू झाली, रात्री पुन्हा थांबली. रविवारी सकाळी मला फोन आला, "दादा, पार्ट नवा टाकला तरी तेच. आई-बाबा स्वेटरवर जॅकेट घालून बसलेत."

मी इथे गॅसफिटर आहे. अशा तक्रारीत मी आधी एकच विचारतो: बंद पडते ती सुरू होताना, की चालता चालता? पेटून दोन-चार सेकंदांत विझत असेल तर फ्लेम सेन्सर (ज्योत पेटली का ते ओळखणारी कांडी) काजळलेला असण्याची शक्यता मोठी. इथे तसं नव्हतं. बराच वेळ नीट चालायची, मग आतून गुळगुळ आवाज यायचा आणि ज्योत विझायची. फर्नेस चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक बोर्डावरचा दिवा ठरावीक वेळा लुकलुकायचा. फर्नेसच्या दाराच्या आतल्या तक्त्याप्रमाणे त्याचा अर्थ, प्रेशर स्विच उघडा पडला, म्हणजे त्याची जोडणी तुटली. (हे संकेत प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात, दुसऱ्याच्या फर्नेसचा तक्ता वाचून निष्कर्ष काढू नये.)

त्यांच्या थर्मोस्टॅटच्या ॲपमध्ये तापमानाचा आलेख होता आणि तो फार कामाचा निघाला. रात्री अकरापर्यंत २१ अंशांची सरळ रेघ, मग उतार, १७, मग पुन्हा चढ, पुन्हा उतार. फर्नेस काही वेळा प्रयत्न करून बघते, जमलं नाही की बोर्ड स्वतःला कुलूप लावून घेतो आणि काही बोर्ड तासाभराने, काही तीन तासांनी आपणच ते काढतात. म्हणजे कुणी हात न लावता ती पुन्हा पेटत होती, बराच वेळ चालत होती, आणि परत थांबत होती. विश्रांती मिळाली की बरी होणारी फर्नेस. तुटलेला स्विच असा वागत नाही. पाणी मात्र असंच वागतं.

इथे थोडं रसायन. नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. तो जळला की कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ होते. हिशेब केला तर एका गिगाज्यूल गॅसमागे सुमारे ४० लिटर पाणी तयार होतं. अल्बर्टात गॅसचं बिल गिगाज्यूलमध्येच येतं, त्यामुळे आपल्या घरात किती पाणी जन्माला आलं ते बिलावरूनच काढता येतं. जुन्या, ८० टक्क्यांच्या फर्नेसमध्ये धूर एवढा गरम राहायचा की ही सगळी वाफ चिमणीतून निघून जायची. गॅसमधल्या एकूण उष्णतेपैकी जवळपास १० टक्के त्या वाफेबरोबर आकाशात. नव्या फर्नेसमध्ये दुसरा हीट एक्स्चेंजर (धुरातली उष्णता घरातल्या हवेला देणारा भाग) असतो, तो धूर ५५ अंशांच्या आसपास किंवा त्याहूनही खाली थंड करतो, वाफेचं पाणी होतं आणि ती उष्णता घरात राहते. कॅनडात २०१० पासून घरगुती फर्नेसला किमान ९० टक्क्यांची आणि ३ जुलै २०१९ पासून ९५ टक्क्यांची अट आहे. त्यामुळे इथे नवी फर्नेस घेतली की पाणी घरात आलंच, आणि त्याला वाट करून द्यावी लागते.

या आकाराची फर्नेस सलग चालली तर तासाला साधारण दोन-अडीच लिटर पाणी ड्रेनकडे जातं. उणे पाचला ती थोडा वेळ चालते, थांबते, परत चालते. थांबलेल्या वेळात नळीतलं पाणी हळूहळू उतरून जातं, नळी निम्मी तुंबलेली असली तरी. उणे तीसला ती जवळजवळ थांबतच नाही. पाणी येण्याचा वेग उतरण्याच्या वेगाला मागे टाकतो, पातळी चढत जाते, आणि शेवटी पाणी कलेक्टर बॉक्समध्ये, म्हणजे जिथे धूर आणि पाणी वेगळे होतात तिथे, साचतं. प्रेशर स्विचची बारीक रबरी नळी तिथूनच निघते. इंड्यूसर मोटर धूर ओढते, त्यामुळे तिथे हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो. तो कमी आहे याची खात्री स्विच करतो, मगच बोर्ड गॅस सोडतो. पाण्याने ते तोंड झाकलं की स्विचला काहीच कळत नाही, तो उघडतो, आणि बोर्ड गॅस तोडतो. स्विचने आपलं काम चोख केलेलं असतं. तो फक्त साक्षीदार आहे, आणि लोक पैसे खर्चून साक्षीदार बदलतात.

कंपनीच्या माणसासमोर फर्नेस का चालली, तेही यातच आलं. तो पोचेपर्यंत ती बंद होती. स्विच बदलताना आणखी वेळ बंद राहिली. तेवढ्यात पाणी उतरलं. त्याने सुरू करून दहा मिनिटं पाहिली, झकास चालली, बिल दिलं, गेला. काढलेला स्विच खोक्यात तसाच पडला होता. मी तो मॅनोमीटरला, म्हणजे दाब मोजणाऱ्या उपकरणाला, आणि हाताने दाब देणाऱ्या पंपाला जोडून पाहिला. छापलेल्या आकड्यालाच तो मिटत होता. निर्दोष.

तरी बाकीचे संशयित तपासावेच लागतात, आणि कॅलगरीत पहिला संशयित घराबाहेर असतो. उणे तीसला भिंतीतून बाहेर आलेल्या पांढऱ्या पाइपांच्या तोंडाशी हिमाचा थर धरतो, एक्झॉस्टची, म्हणजे धूर बाहेर सोडणाऱ्या पाइपची, वाफ शेजारच्या इनटेकवर, म्हणजे हवा आत घेणाऱ्या पाइपवर, गोठते. इथे थोडं हिम होतं, झाडूच्या दांड्याने पडलं, वाट मोकळी होती. फिल्टर मळलेला होता, बदलला, पण त्याचा या दोषाशी संबंध नाही. रबरी नळीला चीर नव्हती, मात्र आत पाण्याचे थेंब होते, आणि तिथे थेंब असायला नकोत. एक्झॉस्ट पाइपचा ढाळ फर्नेसच्या दिशेला, दर फुटाला पाव इंच, बरोबर होता. कॅलगरी समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच आहे, हवा विरळ, म्हणून काही मॉडेलांना उंचीसाठी वेगळा स्विच लागतो. तो घोळ इथे नव्हता, जुना आणि नवा दोन्ही स्विच योग्य क्रमांकाचे होते.

मग खरी चाचणी. अशा प्रकरणात दहा मिनिटं उभं राहून काही कळत नाही, यंत्राला दमवावं लागतं. स्विचच्या नळीत टी (तीन तोंडांचा जोड) टाकून मॅनोमीटर जोडला, थर्मोस्टॅट २६ वर नेला, आणि घरमालकाच्या आईने, म्हणजे काकूंनी, केलेला चहा घेऊन तळघरात खुर्ची टाकून बसलो. सुरुवातीला आकडा उणे सव्वा इंच पाण्याच्या आसपास (हा दाब पाण्याच्या इंचांत मोजतात) स्थिर होता, स्विचला लागतं त्याहून बराच जास्त. अर्ध्या तासाने तो थरथरायला लागला. मग गुळगुळ. मग एकेक पायरी खाली, आणि टक्क. गॅस बंद.

हे होत असताना दुसरंच काही लक्षात आलं. फर्नेसच्या शेजारून एक सततचा झुळझुळ आवाज येत होता. ह्युमिडिफायर.

कॅलगरीची हिवाळी हवा इतकी कोरडी असते की बहुतेक घरांत फर्नेसच्या डक्टवर, म्हणजे गरम हवा नेणाऱ्या पत्र्याच्या नळावर, हवेत ओलावा सोडणारा ह्युमिडिफायर बसवलेला असतो. या घरातला पाणी वाहता ठेवणाऱ्या जातीचा होता: फर्नेस तापवत असताना वरून पॅडवर पाणी सोडायचं, काही हवेत जातं, उरलेलं खाली ड्रेनला. असा ह्युमिडिफायर तासाला दहा-बारा लिटर पाणी सहज घेतो आणि त्यातलं बरंचसं न वाफवता खाली सोडून देतो. फर्नेसच्या स्वतःच्या पाण्याच्या कित्येक पट. मी विचारलं, हा नेहमी चालू असतो का? उत्तर आलं, नाही, आम्ही कधी वापरलाच नव्हता, त्याचं पाणीही बंद होतं. आई आल्यावर तिचा घसा कोरडा पडायला लागला, बाबांच्या नाकातून रक्त आलं, म्हणून नोव्हेंबरात चालू केला. आणि थंडी वाढली तशा काकू जाता-येता त्याची, किती ओलावा हवा ते ठरवणारी, चकती थोडी थोडी पुढे सरकवत होत्या.

मी ह्युमिडिफायरचं पाणी बंद केलं आणि फर्नेस पुन्हा सुरू केली. तासाभराहून जास्त चालली, आकडा थोडा हलला, पडला नाही. पाणी परत सोडलं आणि पाव तासात टक्क. एवढ्यावर खरं तर निदान झालं होतं. आता नळी कुठे आणि कशी अडली ते पाहायचं होतं.

२०२१ मध्ये फर्नेस बसवणाऱ्याने ट्रॅपमधून (फर्नेसचं पाणी बाहेर पडण्याआधी जिथे थोडं साठून राहतं तो भाग) एक मऊ प्लास्टिकची नळी काढली होती आणि आधीपासून असलेली ह्युमिडिफायरची नळी तिला वाय-जोडाने जोडून दोन्हींचं पाणी एकाच नळीतून फरशीतल्या मोरीपर्यंत नेलं होतं. काम स्वस्तात आणि झटपट झालं. ट्रॅपच्या पुढे हवेसाठी उघडं तोंड कुठेच नव्हतं. नळी भिंतीच्या कडेने जात होती, आणि त्याच कडेला सप्टेंबरात रॅक आला होता. भारतीय घराच्या तळघरात जे असतं ते सगळं त्यावर: तांदळाची मोठी पोती, आट्याची पोती, दोन प्रेशर कुकर, गणपतीची आरास. रॅक सरळ बसावा म्हणून खाली लाकडाची फळी टाकली होती आणि नळी त्या फळीवरून चढून पलीकडे उतरत होती. फळीच्या अलीकडे नळीला झोळ पडला होता.

या झोळात पाणी कायमचं साचलेलं. म्हणजे एक पाणी ट्रॅपमध्ये, दुसरं झोळात, आणि मधे कोंडलेली हवा. आपल्याकडे गच्चीतली टाकी भरलेली असूनही नळाला पाणी येत नाही आणि प्लंबर म्हणतो, "लायनीत एअर धरलीय", तेच. इथे तर ट्रॅपमधून येणारं पाणी थेंबाथेंबाने येतं, त्याला मागून जोर नाही. मधली हवा ते ढकलू शकत नाही. शिवाय ट्रॅपच्या वरच्या बाजूला इंड्यूसर ओढतोय, म्हणजे पाण्याला उलट खेचणारं कुणीतरी आहेच. ट्रॅप असतो तो त्याच्याचसाठी: त्यातलं पाणी बुचासारखं बसतं म्हणून इंड्यूसर ड्रेनमधून हवा ओढू शकत नाही.

झोळ कापून काढला. आत तपकिरी, बुळबुळीत गाळ होता, आणि त्यात अडकलेल्या पांढऱ्या पापुद्र्या. गाळ फर्नेसच्या बाजूचा; कोमट, ओलसर, अंधारी जागा मिळाली की तो होतोच. पापुद्र्या ह्युमिडिफायरच्या. कॅलगरीला पाणी बो आणि एल्बो नद्यांचं, क्षार जास्त असलेलं जड पाणी. पॅडवर क्षार साचतात आणि सुटून खाली येतात. पॅड काढून दाखवला तेव्हा काका म्हणाले, "हे तर आमच्या गिझरच्या कॉइलसारखं झालंय." ट्रॅप सोडवून कोमट पाण्याने धुतला. त्यातूनही चमचाभर गाळ निघाला, पण मुख्य अडथळा तिथे नव्हता. हे मुद्दाम लिहितोय, कारण ट्रॅप तुंबला की फर्नेस थांबते हे बऱ्याच जणांना माहीत असतं, आणि ट्रॅप धुऊन समाधानाने परत जातात. झोळ तसाच राहिला असता तर पुढच्या गारठ्यात पुन्हा हेच.

यात एकट्या गाळाला, एकट्या रॅकला किंवा एकट्या ह्युमिडिफायरला दोष देता येत नाही. तीनही जुळून आले तेव्हा उणे तीसने हिशेब मागितला. बसवणाऱ्याचा मात्र दोष आहेच, असं माझं मत. ज्या नळीवर फर्नेसचं चालणं अवलंबून आहे तिच्यात दुसऱ्या यंत्राचं पाणी, तेही कित्येक पटींनी जास्त, सोडायचं आणि हवेला तोंडही ठेवायचं नाही, हे काम मला पटत नाही.

दुरुस्तीला सामान फार लागलं नाही. फर्नेसच्या ट्रॅपपासून मोरीपर्यंत ताठ पीव्हीसी पाइप, भिंतीला क्लिपा मारून, दर फुटाला पाव इंच ढाळ. ताठ पाइपला झोळ पडत नाही, आणि त्याच्यावर कुणी पोतं ठेवलं तरी तो चेपत नाही. ट्रॅपच्या लगेच पुढे एक टी आणि त्यातून वर उभा छोटा तुकडा, तोंड उघडं. हे तोंड पाहून घरमालकाला झाकण लावावंसं वाटलं, घाण वास येईल म्हणून. लावायचं नाही. हवा तिथूनच आत-बाहेर होते, आणि उद्या पुढचा पाइप तुंबलाच तर पाणी त्या तोंडातून फरशीवर येऊन आधी दिसेल. ह्युमिडिफायरची नळी पूर्ण वेगळी, स्वतंत्रपणे मोरीवर. दोन्हींची टोकं जाळीच्या वर थोडी अधांतरी ठेवली, पाण्यात बुडवली नाहीत.

फर्नेसचं हे पाणी आम्लधर्मी असतं, पीएच साधारण ३ ते ५. प्लास्टिकला काही होत नाही. बीडाचे जुने ड्रेनपाइप आणि सिमेंट ते वर्षानुवर्षं खात राहतं. मोरीच्या तोंडाशी सिमेंट खडबडीत व्हायला लागलं होतं, म्हणून टीच्या पुढे चुनखडीच्या खड्यांचा न्यूट्रलायझर बसवला. त्यातून जाताना पाणी सौम्य होतं. खडे झिजतात आणि त्यांचा चिखल होतो, ते वर्षातून एकदा बघावे लागतात, नाहीतर तुंबण्याची नवी जागा आपणच विकत घेतली.

फर्नेसच्या आत पाणी चढून गेलं होतं, म्हणून इंड्यूसरचं घर उघडून पाहिलं. तळाशी गंजाची पुसट रेघ, त्यापलीकडे काही नाही. बोर्ड कोरडा होता. काही घरांत हेच पाणी बोर्डावर टपकतं आणि मग खर्च वेगळाच होतो.

शेवटी परीक्षा. ट्रॅपच्या वरच्या तोंडातून अर्धी बाटली पाणी ओतलं, तेवढंच मोरीवर बाहेर आलं, न थांबता. ट्रॅप त्यानेच भरलाही गेला. धुतल्यावर तो कोरडा सोडून फर्नेस चालू करायची नसते. मग ह्युमिडिफायर चालू ठेवून दोन तास सलग चालवली. आकडा सव्वा इंचावरून हलला नाही.

मी तिथे असतानाच घरमालकाने मला त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे सल्ले दाखवले. कुणी म्हणालं पाइपला हेअर ड्रायर लाव. एकाने मात्र लिहिलं होतं, प्रेशर स्विचच्या दोन वायरी एकमेकींना जोडून टाक, फर्नेस चालेल. चालेलही. आणि ज्या दिवशी एक्झॉस्ट खरोखर हिमाने बंद झालेला असेल त्या दिवशीही चालेल, जळलेला वायू घरात सोडत. त्यातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्या घरात वरच्या मजल्यावर डिटेक्टर होता, तळघरात नव्हता. आजी-आजोबा तळघरातल्या खोलीत झोपत होते. एक तिथे लावायला सांगितला.

घरच्यांनी स्वतः काय करावं हेही ठरवून दिलं. ऑक्टोबरात ट्रॅप काढून धुणं आणि पाण्याने भरून बसवणं, हे या मॉडेलमध्ये दोन क्लॅम्पांचं काम आहे, गॅसला हात लावावा लागत नाही. उघड्या टीमध्ये महिन्यातून एकदा पेलाभर कोमट पाणी. ब्लीच नको, त्याची वाफ फर्नेसने ओढली तर धातू खाते. ह्युमिडिफायरचा पॅड दर हिवाळ्याला नवा. रॅक भिंतीपासून हातभर पुढे.

काकूंशी मात्र थोडी घासाघीस करावी लागली. त्यांनी चकती ४५ टक्क्यांवर नेली होती आणि खिडक्यांच्या काचांवर आतून बर्फ धरला होता, चौकटीचं लाकूड फुगायला लागलं होतं. बाहेर उणे दहा असताना ३० टक्के ठीक, उणे वीसला २० ते २५, आणि उणे तीसला १५च्या वर नेऊ नये, असं सांगितलं. "मग माझ्या घशाचं काय?" असं त्यांनी विचारलं. त्यांच्या खोलीपुरता टेबलावरचा छोटा ह्युमिडिफायर घ्यायचं ठरलं, दार लोटून वापरायचा, आणि डक्टवरच्या चकतीला मुलाखेरीज कुणी हात लावायचा नाही.